दोन मिलिमीटरची फट

खंडेराव कुट्यांना सैल बसलेली कुठलीही वस्तू सहन होत नाही. लग्नाच्या पंगतीला गेले तरी आधी टेबल हलवून बघतात. डुगडुगलं, तर कागद दुमडून पायाखाली सारतात आणि मगच पहिला घास घेतात. कुणाच्या घरी गेले की त्यांची नजर दाराच्या बिजागरीवर जाते, हात आपोआप कडीवर जातो. मग नवसाबाई हळूच म्हणतात, "अहो, चहाला आलोय आपण, सर्व्हिसिंगला नाय."

आयटीआयचा फिटरचा दाखला घेऊन ते सायखेड्याहून सातपूरला आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. भाऊ गोदाकाठच्या वावरात राहिला, खंडेराव एका वर्कशॉपच्या टूलरूममध्ये शिरले आणि पस्तीस वर्षं तिथेच राहिले. त्यांचं काम फिक्स्चर बनवायचं. फिक्स्चर म्हणजे मशीनवर लोखंडाचा तुकडा घट्ट धरून ठेवणारा सांगाडा. हजार तुकडे लावा, हजारही त्याच जागी, त्याच कोनात बसले पाहिजेत. खंडेराव कानशीने घासत, बोटाने चाचपत, एका डोळ्याने उजेड बघत ते बनवायचे. त्यांच्या हातून गेलेल्या फिक्स्चरमध्ये फट सापडली, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

पण दिवस बदलले. वर्कशॉपच्या जुन्या मालकांचा मुलगा ललित आता सगळं बघतो. त्याने नवं सीएनसी मशीन आणलं. त्याला हाताने घासलेलं फिक्स्चर नको, कॉम्प्युटरवर काढलेलं ड्रॉइंग हवं. मशीन ते वाचून स्वतःच कापतं. टूलरूममधली जुनी टेबलं एकेक करून उचलली गेली. ललितने खंडेरावांना आदराने बाजूला घेतलं आणि सांगितलं, "काका, तुमच्यासाठी पॅकिंगला जागा ठेवलीय. खुर्चीवर बसून काम, त्रास नाही."

त्रास नाही, हेच खंडेरावांना जास्त लागलं. ते म्हणाले, "ड्रॉइंग मी काढलं तर?"

ललित हसला नाही. हे त्याचं चांगलं. "काढा," तो म्हणाला.

मग चौपन्नाव्या वर्षी खंडेराव सातपूर कॉलनीतल्या एका क्लासला जाऊ लागले. शेजारी डिप्लोमाची पोरं. सहा महिने ती पोरं त्यांना माऊस कसा धरायचा ते शिकवत होती आणि ते त्या पोरांना फिक्स्चर कसं धरायचं ते. क्लासवाल्याने घरच्या सरावासाठी त्यांना एक जुना, ऑफिसातून निघालेला कॉम्प्युटर मिळवून दिला. सोबत एक चौकोनी, खिडकीच्या काचेएवढा मॉनिटर होता. त्यावर पूर्ण ड्रॉइंग बघावं तर आकडे मुंगीएवढे दिसायचे, आणि आकडे मोठे करावेत तर ड्रॉइंगचा एक कोपराच दिसायचा. खंडेरावांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. नवसाबाईंना वाटायचं नवऱ्याला पॅकिंगचं दुःख होतंय.

शेवटी ललितने एका पंपाच्या झाकणाचा नमुना त्यांच्या हातात दिला. "याचं फिक्स्चर. रविवारी सकाळी दहाला ड्रॉइंग दाखवा. जमलं तर डिझाईनची खुर्ची तुमची. नाही जमलं तर मी बाहेरून माणूस घेतो, मला थांबता येणार नाही."

वर्कशॉपची सुट्टी शनिवारी. म्हणजे आख्खा शनिवार हातात होता आणि ड्रॉइंग पाऊण झालेलं होतं. नवसाबाईंनी शुक्रवारी हट्टाने नवीन मॉनिटर आणायला लावला. ताटाएवढा नाही, परातीएवढाही नाही, चांगला सत्तावीस इंची. जुना चौकोनी मॉनिटर बदल्यात दुकानातच दिला, त्यामुळे परतीची वाट बंद झाली.

शनिवारी सकाळी खंडेरावांनी आंघोळ केली, कपाळाला गंध लावलं आणि खोकं उघडलं. खोक्यात एक काळी केबल होती, दोन्ही टोकांना सारख्याच पिना. एक पिन मॉनिटरच्या पाठीत बसली, अगदी सुरेख. दुसरी घेऊन ते कॉम्प्युटरच्या डब्यामागे गेले. तिथे एक निळी पंधरा भोकांची जागा होती, जिथे जुना मॉनिटर लावलेला असायचा. तिच्या शेजारी दोन काळ्या, चपट्या खाचा. खंडेरावांनी पिन एका खाचेवर टेकवली. ती थोडी आत गेली आणि हलू लागली.

हलू लागली म्हटल्यावर खंडेरावांचा जीव हलला. त्यांनी कपाटातून व्हर्निअर काढला. हे मापाचं यंत्र त्यांच्या घरात देवाच्या तसबिरीखाली मखमलीच्या डबीत असतं. पिनेची रुंदी भरली चौदाला जरा कमी. खाच सोळाच्या किंचित वर. फट दोन मिलिमीटरहून थोडी जास्त.

"काय म्हणतंय?" नवसाबाईंनी विचारलं.

"सैल हाय. कारखान्यातनंच चुकलंय. शिम लागंल."

शिम म्हणजे फट भरायची धातूची पातळ पट्टी. शिंप्याला जशी कात्री तशी टूलरूममधल्या माणसाला शिम. खंडेरावांकडे पितळेची पातळ पट्टी होतीच. त्यांनी ती कापली, कानशीने कडा मारल्या, पिनेच्या दोन्ही अंगांना अशी दुमडून बसवली की बघणाऱ्याला वाटावं कंपनीनेच दिलीय. मग पिन खाचेत दाबली. आत काहीतरी बारीकसं कुरकुरलं, पण पिन गेली. ओढून बघितली, निघेना. हलवून बघितली, हलेना. पस्तीस वर्षांत त्यांनी बसवलेल्या वस्तूंमध्ये ही पहिल्या दहांत आली असती.

त्यांनी बटण दाबलं. मॉनिटरवर चौकोन आला: सिग्नल नाही.

काढली, पुसली, पुन्हा बसवली. सिग्नल नाही. तिसऱ्यांदा.

"फिटिंग एक नंबर झालंय," ते बायकोला म्हणाले. आवाजात तक्रार होती.

"दिसतंय ना. चित्र सोडून सगळं दिसतंय," नवसाबाई म्हणाल्या. "त्या आलिमाकडं जा. गल्लीतल्या साऱ्यांचे कॉम्प्युटर तीच बघते. आन उगा मोजमाप काढत बसू नका, साडेदहा वाजले."

आलिमाचं दुकान दोन गल्ल्या सोडून. पूर्वी तिथे तिचे वडील फारुखभाई टीव्ही दुरुस्त करायचे. त्यांचे गुडघे गेल्यावर इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेल्या मुलीने गल्ला आणि सोल्डरिंगची सळई दोन्ही हातात घेतलं. दुकानात एक नियम आहे, तो तिने वडिलांकडून घेतला: दोन्ही टोकं कळल्याशिवाय वायर विकायची नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

खंडेरावांनी केबल काउंटरवर ठेवली आणि उद्याच्या ड्रॉइंगचं सांगितलं. आलिमाने ती उचलली, पितळी पट्टी बघितली आणि चष्मा वर सरकवला.

"काका, हे दागिने कुणी घातले हिला?"

"शिम हाय ती. फट होती."

"किती?"

"दोन पॉइंट दोन."

आलिमाने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग पट्टीकडे. हसू आवरायचा प्रयत्न केला, आवरलं नाही. पण ते हसू टिंगलीचं नव्हतं. आपण कधी बघितली नाही अशी कारागिरी बघून माणूस हसतो, तसं होतं. "फराजचाचा सोन्याचं काम करतात ना, त्यांनाही एवढं साफ जमणार नाही. पण हे घातलंत कुठे? खाच कशी होती?"

खंडेरावांनी खिशातून कागद काढला. घरून निघताना त्यांनी खाचेचं चित्र काढून आणलं होतं: समोरून, बाजूने, मापं घालून. एक कोपरा तिरका कापलेला, बाकी तीन काटकोनात.

"लोक मोबाईलवर फोटो आणतात," आलिमा म्हणाली. "ड्रॉइंग पहिल्यांदाच आलं."

तिच्या मागे भिंतीवर प्लायवूडची एक फळी होती. मेलेल्या कॉम्प्युटरांमधून काढलेल्या वेगवेगळ्या खाचा तिच्यावर ओळीने ठोकलेल्या आणि प्रत्येकीखाली नाव रंगवलेलं. ज्याला नाव माहीत नाही त्याने आकार बघून बोट ठेवायचं, म्हणून तिने ती बनवली होती. खंडेराव काउंटर ओलांडून थेट फळीपाशी गेले. तिरक्या कोपऱ्याच्या खाचेवर त्यांनी बोट ठेवलं.

"ही. आणि ही फळी म्हणजे गेज आहे की."

"गेज म्हणजे?"

"आमच्यात असतं. माल मोजत बसायचं नाही, गेजमध्ये घालून बघायचा. गेला तर पास."

"इथे तसं नाही ना काका," आलिमा म्हणाली. "इथे जाऊनही नापास होतो. तुमच्याकडे खाच डिस्प्ले पोर्टची आणि पिन एचडीएमआयची. तुम्ही फट भरलीत, पण आतलं बोलणं वेगळंच राहिलं. कॉम्प्युटर एका पद्धतीने चित्र पाठवतो, मॉनिटर दुसऱ्या पद्धतीने घेतो. मध्ये दुभाषा पाहिजे."

"तो कुठं बसवायचा?"

तिने कपाटातून एक केबल काढली. एका टोकाला तिरक्या कोपऱ्याची पिन, दुसऱ्या टोकाला खंडेरावांच्या ओळखीची. "तो हिच्या पोटात बसलेलाच आहे. तांदळाच्या दाण्याएवढी चिप." मग तिने दुसरी एक केबल पहिलीच्या शेजारी ठेवली. दोन्ही जुळ्या बहिणी. "आता सांगा, तुम्हाला यातली कुठली?"

खंडेरावांनी दोन्ही उचलल्या, वजन केलं, पिना बघितल्या. "दोन्ही एकच आहेत."

"नाहीत. ही डिस्प्ले पोर्टकडून एचडीएमआयकडे नेते. आणि ही उलटी, एचडीएमआयकडून डिस्प्ले पोर्टकडे. पिना त्याच, दुभाषा वेगळा. एका दिशेचंच बोलतो. मागच्या आठवड्यात एकजण माझं न ऐकता दुसरीकडून उलटी घेऊन गेला आणि दोन दिवस मॉनिटरला शिव्या देत बसला."

खंडेरावांच्या कपाळावरची आठी गेली. "नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह," ते म्हणाले.

"काय?"

"पंपाच्या लाईनला असतो. पाणी पुढं जातं, मागं येत नाही. उलटा बसवला की पंप नुसताच ओरडतो."

"हां, तेच. पुढच्या गिऱ्हाईकाला मी हेच सांगणार आता."

"मग ही पहिली द्या."

आलिमाने केबल दिली नाही. ती काउंटरवर हात ठेवून उभी राहिली. "काका, एक विचारू? पट्टी लावून पिन दाबलीत तेव्हा आत काही आवाज आला का?"

तो बारीक कुरकुर आवाज खंडेरावांना आठवला. पस्तीस वर्षांत तसा आवाज त्यांनी इतरांच्या कामातच ऐकला होता.

"आला."

"खाचेत एक पातळ जीभ असते. ती तुटली असेल तर केबल कुठलीही नेलीत तरी उपयोग नाही. घरी कोण आहे?"

नवसाबाईंना व्हिडिओ कॉल लागला. आधी पंखा दिसला, मग नवसाबाईंचा अर्धा गाल.

"मावशी, कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, आणि मोबाईल डब्याच्या पाठीशी न्या," आलिमा म्हणाली.

"पाठ कुठली आन पोट कुठलं? दोन्हीकडं भोकंच हायेत."

"जिकडे वायरी आहेत तिकडे. बाप रे, धूळ किती."

"मला हात लावू दिला असता तर पुसली असती. ह्यांनी त्याचा देव करून ठिवलाय."

"नवसे, बॅटरी लाव आधी," खंडेराव मध्येच म्हणाले.

"लावली. आता तुम्ही बोलू नका, ती पोरगी सांगती तेच करते मी."

उजेड पडला. आलिमाने मोबाईल डोळ्यांजवळ नेला. पहिल्या खाचेतली जीभ एका अंगाला कललेली होती, कडेचा तुकडा उडालेला. खंडेरावांना ते तिच्या खांद्यावरून दिसलं. दुकानात भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते, आणि उद्या दहाला ललित टेबलाशी बसणार होता.

"मावशी, आता शेजारची दाखवा. अजून जवळ. हलवू नका."

नवसाबाईंनी श्वास रोखला असावा, कारण चित्र एकदम स्थिर झालं. दुसऱ्या खाचेतली जीभ सरळ होती, स्वच्छ, एकही ओरखडा नसलेली.

"हिला हात लावला नव्हतात ना?"

"नाय," खंडेराव म्हणाले. "शिम एकाच पिनेला केली होती."

"मग अल्लाची मेहेरबानी. जुन्या ऑफिसच्या डब्यांना दोन खाचा असतात, म्हणून वाचलात. आता त्या मोडक्या खाचेवर चिकटपट्टी लावा, पुन्हा चुकून हात जायला नको." मग केबल पुढे करण्याआधी तिने विचारलं, "निळ्या जागेतूनही करता येतं, मध्ये डबी लावून. पण तुम्हाला बारीक रेषा बघायच्यात ना? त्या वाटेने रेषा जराशा धुरकट येतात. ही बरी. टेबलापासून डब्यापर्यंत अंतर किती?"

"चौदाशे वीस मिलिमीटर. वळणासकट."

"दोन मीटरची घ्या मग."

"राहिलेल्या पाचशे ऐंशीचं काय करू?"

"टेबलामागे गुंडाळून ठेवा. कापायची नाही, काका."

"नाय कापत," खंडेराव म्हणाले. पण तो विचार त्यांच्या डोक्यात येऊन गेला होता, हे दोघांनाही कळलं.

घरी येऊन त्यांनी आधी मोडक्या खाचेवर चिकटपट्टी लावली. मग दुसऱ्या खाचेवर पिन धरली, तिरका कोपरा तिरक्या कोपऱ्यासमोर आणला आणि फक्त अंगठ्याने ढकललं. टक्. जोर लागला नाही, फट राहिली नाही, आणि पिनेवरचं बारीक बटण दाबल्याशिवाय ती बाहेर येईना. खंडेरावांनी हे तीनदा केलं. लावायची, टक् ऐकायचं, बटण दाबून काढायची.

"आता लावून ठिवा की," नवसाबाई म्हणाल्या. "का दिवसभर टकटक करायचंय?"

त्यांनी कॉम्प्युटर चालू केला. पडदा काळा राहिला, मग निळसर झाला, आणि मग एकदम सगळा उजळला. पंपाच्या झाकणाचं फिक्स्चर या कडेपासून त्या कडेपर्यंत उभं राहिलं. प्रत्येक आकडा सुपारीएवढा. खंडेराव खुर्ची मागे सरकवून बसले. चष्मा काढला, पुसला, लावला.

"दिसतंय?" नवसाबाईंनी विचारलं.

नवसाबाई पुढे आल्या, तर नवरा पडद्याकडे बोट करून बसलेला.

"हे बघ. हा क्लॅम्प. झाकण दाबून धरणारा. हा त्याचा दांडा. आन ही पलीकडची पिन, झाकण जागेवर बसवणारी. झाकण काढायला दांडा उघडला की तो गोल फिरून ह्या पिनेवर आपटंल."

चौकोनी मॉनिटरवर त्यांनी क्लॅम्प एका कोपऱ्यात काढला होता आणि पिन दुसऱ्या. दोन्ही एकाच वेळी मोठे असे कधी दिसलेच नव्हते. प्रत्येक तुकडा बरोबर होता, फक्त एकमेकांच्या आड येत होते. प्रत्यक्ष लोखंडात असतं तर त्यांना हाताला लागूनच कळलं असतं. इथे हात नव्हते, डोळेच होते, आणि ते आज पहिल्यांदा कामाला आले होते.

"मग आता?"

"आता काय, फिरवतो की." खंडेरावांनी माऊस घेतला, क्लॅम्प तीस अंशांनी वळवला. दांडा उघडा दाखवून बघितला. मोकळा फिरला. त्यांनी तो पुन्हा बंद केला, पुन्हा उघडला. नवसाबाईंना त्यातलं फारसं कळलं नाही, पण लहान पोराने नवीन दाराशी खेळावं तसा नवरा खेळतोय एवढं कळलं. त्या चहा टाकायला गेल्या. चहा आला, थंड झाला, दुसरा आला. दुपारी साडेचारला शेवटचं माप पडलं. खंडेरावांनी पाठ सरळ केली आणि विचारलं, "जेवायचं राहिलं का आपलं?"

"तुमचं राहिलं," नवसाबाई म्हणाल्या. "मी जेवले."

रविवारी दहाला ललितने ड्रॉइंग त्याच्या टेबलावर उघडलं. इकडून बघितलं, तिकडून फिरवलं. खंडेराव उभेच होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"काका, दांडा उघडल्यावर पिनेला लागेल का?"

"लागत होता. काल दुपारी फिरवला."

ललितने मान वर केली. "हे चटकन कुणाच्या लक्षात येत नाही. एवढंसं दिसतं." मग त्याने आणखी दोन मिनिटं घेतली. एक गोलाई कमी करायला सांगितली, एका बोल्टची लांबी विचारली. आणि ड्रॉइंग मशीनवर पाठवून दिलं. "आपण आत्ताच कापू. तुम्ही त्या खिडकीकडच्या टेबलावर बसा, उजेड चांगला आहे. आजपासून तुमचंच ते."

खंडेराव खिडकीकडच्या टेबलाशी गेले. टेबल हलवून बघितलं. हलत नव्हतं. ते बसले.

पाच मिनिटांत मशीनवरचा मल्हारी हातात कागद घेऊन दारातून आत डोकावला. पंचवीस वर्षं दोघांनी शेजारी शेजारी काम केलेलं. एकत्र डबा खाल्लेला, एकत्र ड्रॉइंगवाल्यांच्या नावाने बोटं मोडलेली.

"ललितशेठ," तो वैतागून म्हणाला, "ह्या चौथ्या भोकाची खोली वरून धरायची का खालून, कायच लिहिलं नाय. हे ड्रॉइंग काढणारे लोक कधी एक गोष्ट धड लिहीत नाहीत. कुणी काढलंय हे?"

ललितने खिडकीकडे बोट दाखवलं.

मल्हारीने खंडेरावांकडे बघितलं, मग कागदाकडे, मग परत खंडेरावांकडे.

"खालून," खंडेराव म्हणाले आणि हात पुढे केला. "आण इकडं, लिहून देतो. आणि अजून काय शिव्या द्यायच्या असतील तर त्याही आत्ताच दे. माझं बसायचं ठिकाण बदललंय, रोज एवढ्या लांब तुला यायला परवडणार नाय."

मल्हारीने कागद टेबलावर ठेवला, शेजारचं स्टूल ओढलं आणि बसून दुसरं भोक दाखवलं.